बेचाळीस खुर्च्यांचं छत

इतवारीत, मुंदडांच्या दुकानात,
एका फळीवर तीन पांढरे पेटवून ठेवलेले.
एक हळदीच्या दुधासारखा,
एक सकाळी आठचा,
एक दवाखान्याचा.
"तुमाले कोणता पायजे, मॅडम?"
मी पिशवीतून वही काढली,
तिन्हींखाली एकेक ओळ लिहून पाहिली.
हळदीच्या दुधात डोळे जड झाले,
दवाखान्यात माझं अक्षर माझं वाटेना.
मधला घेतला. चोवीस नग, बारा वॅट, खोल वाटीचे,
वर पाहिलं तर डोळ्यात न घुसणारे.
नोकराने मोबाईल धरून दाखवला,
पडद्यावर पट्टे धावत नव्हते.
शेठ म्हणाले, दोन वर्षं गॅरंटी.
मी म्हटलं, आमच्या पोरांना कोण देतं एवढी?

हॉल चोवीस बाय चाळीस.
इंदोऱ्यात, रेशन दुकानाच्या वर.
पूर्वी इथे लग्नाची भांडी भाड्याने मिळायची,
अजून एका कोपऱ्यात वरणाचा वास आहे
असं मला वाटतं, बाकी कोणाला नाही.
आता बेचाळीस खुर्च्या:
तलाठी, पोलीस भरती, बँक, एमपीएससी,
आणि खिडक्यांत बसवलेले दोन कूलर.

शालिक भोयरने छत आखलं नाही,
खडूने फरशी आखली.
"खाली पुसता येते जी. वर भोक पडलं का पडलं."
चार रांगा, रांगेत सहा,
भिंतीपासून तीन फूट.
मग तो खडूच्या फुल्यांमध्ये उताणा पडला
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
मला वाटलं, झोपला.

मग बांबूला एक दिवा बांधून
तो फुलीफुलीवर उभा राहिला
आणि मी खुर्चीखुर्चीवर बसले, पेन घेऊन.
कुठे डोक्याची सावली वहीवर,
कुठे खांद्याची,
आठ नंबरवर तर शालिकचीच.
उजव्या हाताला उजेड डावीकडून हवा,
हे दुपारी दोनपर्यंत आम्ही बऱ्यापैकी जमवत आणलं.

सतरा नंबर आम्रपाली गजभियेचा.
ती डावखुरी.
शाळेत बाईंनी हात बदलायला सांगितला होता,
तिने शाळा बदलली.
मी पेन डाव्या हातात घेतलं.
अक्षर आलं नाही, सावली आली,
नेमकी पुढचा शब्द जिथे लिहायचा तिथे.

"दीड फूट सरकव, शालिक."
"लाईन बिघडते न मॅडम! खालून पायलं तं दात पडल्यावानी दिसते."
"दिसू दे."
तो खडू हातात फिरवत राहिला.
कारागीर माणूस, त्याला लागलं ते.

त्याला कसं सांगायचं,
एकोणतीस वर्षं मी ट्रंक बोर्डावर बसले.
समोर वाटाण्याएवढे दिवे, सगळे सरळ रांगेत.
एक लागला की गोंदियाहून कोणी तरी,
एक लागला की बल्लारशाहून,
बाळंतपण, बदली, गेल्याची खबर.
दिवे तेवढे रांगेत होते.

सरकवला त्याने. न बोलता,
पण माप दोनदा घेऊन.
जुन्या खुणेवर आधीच पडलेलं एक भोक
पांढऱ्या झाकणाने बुजवलं.
संध्याकाळी खटका दाबला
आणि खाली फरशीवर
पुसायची राहिलेली फुली आधी दिसली.

एप्रिल लागला.
सतराला कूलरची हवा पोचत नाही
म्हणून आम्रपाली एकतीसवर गेली.
तिथे सावली पडते. चालते म्हणाली.
पोरांनी सतरा बरेच दिवस रिकामी ठेवली,
मग कामठीचा एक मुलगा आला, उजव्या हाताचा,
वर बघून म्हणाला,
"मॅडम, हा एकच दिवा असा बाजूला का?"

"होल्ड करा," माझ्या तोंडून गेलं, जुन्या सवयीने,
आणि मी कूलरमध्ये पाणी आहे का
ते बघायला उठले.